आपली 'माय' पोचली

कविता लिहिता का, असं कोणी विचारलं की मी घाईघाईने नाही म्हणतो. इतक्या घाईने, की विचारणाऱ्याला संशय यावा. माझ्या नावावर जी दोन-चार पुस्तकं आहेत ती सगळी गद्याची. कवितेचं नि माझं बोलणं बंद आहे, पण भांडण काही नीट झालेलं नाही, त्यामुळे कधीमधी ती येऊन दारात उभी राहते. मनात दोन ओळी जुळतात. तिसरी यायच्या आत मी उठतो, काहीतरी काम काढतो, आणि ती कंटाळून परत गेली की सुटल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात, विनयाने नाही म्हणतो. विनय माझ्यात पहिल्यापासून कमीच. खरं कारण एका पोस्टकार्डावर मावेल एवढं आहे.

तेव्हा मी बाविशीतला असेन. आमचं गाव तापीच्या अलीकडचं, नंदुरबारच्या स्टेशनापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घरी कापूस आणि मिरची. मी फायनल पास होऊन धुळ्याला मास्तरकीचं शिक्षण घेऊन आलो होतो आणि चार कोसांवरच्या एका गावी शाळेत दुय्यम मास्तर होतो. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी भिली, उरलेल्यांच्या घरी अहिराणी, आणि पुस्तकातली मराठी कोणाच्याच घरची नाही. माझ्याही नाही. वर्गात मी 'आहे' म्हणायचो आणि शनिवारी चालत घरी जाऊन उंबऱ्यात पाय टाकला की 'शे'.

कवितेचा रोग मला धुळ्याला लागला. तिथे मुंबईचं एक मासिक येई. त्यातल्या कविता मी आधी वाचल्या, मग उतरवून घेतल्या, आणि मग मला वाटायला लागलं की हे आपल्यालाही जमेल. असं वाटणं हीच या रोगाची पहिली खूण. महिन्यामागून महिने वाचून मी एक गोष्ट हेरली होती. आईवरची कविता संपादक हमखास छापत, पण ती आई मेलेली असली पाहिजे. जित्या आईवर कोणी लिहीत नसे. लिहिलं तरी छापत नसावेत.

माझी माय चांगली धडधाकट होती. उंच, हाडापेराने मजबूत, वावराच्या बांधावरून हाक मारली तर दोन शेतं पलीकडची माणसं 'ओ' देत. दातांना सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची, बैल अडला तर त्याच्याशी भांडायची, आणि दोन्ही हात रिकामे ठेवून बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. अशी बाई कवितेत कुठे बसवायची? मी दुसरीच एक आई तयार केली. ती फिकट होती, बारीक आवाजात बोलायची, शुभ्र वस्त्र नेसून तुळशीपुढे वात लावायची. पाचव्या कडव्यात ती माझ्या मस्तकी हात ठेवून गेली. सहाव्यात मी तिला अग्नी देऊन रिकाम्या घरात परतलो. लिहिताना मी स्वतः रडलो, आणि रडू येतंय याचा मला मोठा आनंद झाला.

सहा कडव्यांत 'जननी' हा शब्द नऊ वेळा होता. कवितेचं नावही मी तेच ठेवणार होतो, पण त्याच महिन्याच्या अंकात दुसऱ्या कोणाची तरी 'जननी' छापून आली. म्हणून चिडून मी नाव खोडलं आणि वर 'माय' लिहिलं. सगळ्या कवितेत घरचा शब्द तेवढा एकच होता.

आमच्या शाळेचे हेडमास्तर पोस्टाचंही काम बघत, आणि आलेलं प्रत्येक पोस्टकार्ड ते आधी स्वतः मोठ्याने वाचत. उघडं पत्र वाचायचं नाही तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मासिकाला पाठवताना कवितेखाली मी घरचा पत्ता घातला. घरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहीपुरतं येई. मायला तेवढंही नाही. एक काका श्रावणात पोथी वाचत, पण पोथीवाचून ते दुसरं काही वाचत नसत. म्हणजे घरी आलेलं पत्र शनिवारपर्यंत मुकाट माझी वाट बघत पडून राहील, असा माझा अंदाज. नापसंत कविता परत हवी असेल तर सोबत पोस्टाची तिकिटं पाठवावीत, असं मासिकात बारीक अक्षरात छापलेलं असे. मी पाठवली नाहीत. परत यायचा प्रश्नच नव्हता ना!

त्याच सुमाराला माय नाशिकला निघाली. गावातल्या पाच-सहा बायका आणि सोबत एक म्हातारा, ज्याचे डोळे अधू पण अनुभव दांडगा, कारण तो पूर्वी एकदा जाऊन आला होता. नंदुरबारहून जळगाव, तिथे गाडी बदलून नाशिक, गंगेत आंघोळ, देवदर्शन, आणि आठव्या दिवशी परत. माय आयुष्यात पहिल्यांदाच आगगाडीत बसणार होती. मी मास्तर असल्यामुळे सूचना द्यायचा मान माझा. मी तिला बजावलं की नाशिकला उतरायचं चुकलं तर गाडी थेट मुंबईला नेऊन टाकते, आणि मुंबईत हरवलेलं माणूस सापडत नाही. मग कोळसा घेऊन चुलीमागच्या भिंतीवर मी मोठा 'ना' काढला. तिच्याकडून तो सात-आठ वेळा गिरवून घेतला. स्टेशनच्या पाटीवर हे अक्षर पहिलं दिसलं की उतरायचं. तिने मान डोलावली. माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यांत वयस्कर विद्यार्थिनी ती, आणि एका अक्षराच्या जोरावर मी तिला मुलूखभर पाठवून दिलं.

आठवा दिवस गेला, नववा गेला. मंडळी आली नाहीत. दहाव्या दिवशी दुपारी माझा चुलतभाऊ शाळेच्या दारात धापा टाकत उभा राहिला.

"चल घर. माय सापडनी. मुंबईमा शे."

"मुंबईमा कसी गई?"

"गाडीमा बठीसन गई, आखो कसी?"

चार कोस आम्ही जवळजवळ पळतच आलो. ओट्यावर निम्मं गाव जमलं होतं. मधोमध काका मांडी घालून बसले होते, आणि त्यांच्या हातात पोस्टकार्ड होतं. सकाळपासून ते त्यांनी किती वेळा वाचून दाखवलं होतं कोण जाणे, पण मी आलो म्हणून त्यांनी घसा साफ करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पोथीच्या सुरात, एकेक शब्द सुटा करत.

"'आपली माय पोचली. बरी आहे.' दखा, बरी शे म्हनतस. 'परंतु जागेच्या अभावी ठेवून घेता येत नाही.' मुंबईमा जागा कोठे शे? 'अशा पुष्कळ येतात.' बिचाऱ्या! 'सोबत परतीची तिकिटे नसल्याने पाठविता आली नाही. एक महिन्यात मागवून न घेतल्यास जबाबदारी आमच्यावर नाही. कळावे.'"

पहिल्या वाक्यालाच माझ्या लक्षात आलं. कार्ड हातात घेऊन पाहिलं. 'माय' या शब्दाला दोन्हीकडून अवतरणचिन्हं होती, पण पोथीत अवतरणचिन्हं नसतात, त्यामुळे काकांना ती शाईचे ठिपके वाटली असावीत. खाली संपादकांची सही लागत नव्हती. पोस्टाचा शिक्का मात्र मुंबईचा, स्वच्छ.

मला हसू फुटणार होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात आबांकडे नजर गेली. ते कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसले होते आणि त्यांच्या तोंडावर दोन दिवसांनी पहिल्यांदाच थोडं तेज दिसत होतं, असं काकूने मला हळूच सांगितलं. आठव्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आज कार्ड आलं आणि ते अर्धी भाकरी खाऊन बसले होते. का, तर बायको बरी आहे. मुंबईत आहे, पण बरी आहे.

आता मी काय सांगायचं? की ही माय नाही, कागद आहे? मग खरी माय कुठे, असं त्यांनी विचारलं असतं. त्यांच्याजवळ निदान मुंबईतली माय होती. ती मी हिसकावून घेतली असती तर कोणाजवळच काही उरलं नसतं. आणि मला एकट्याला माहीत असलेली गोष्ट त्याहून वाईट होती. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच हातांनी मी तिला सहाव्या कडव्यात जाळून आलो होतो. मी शिकलेला माणूस, दृष्ट-बिष्ट मानत नव्हतो. त्या दिवशी मानली. मी ओट्याच्या खांबाला धरून खाली बसलो, आणि लोकांना वाटलं पोरगा आनंदाने गळाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबा आणि मी गाडी जुंपून स्टेशनाकडे निघालो. काकूने भाकरी आणि लसणाचं तिखट बांधून दिलं होतं. आबांनी मायचं दुसरं लुगडं घडी करून बरोबर घेतलं होतं, तिचं अंगावरचं मळलं असेल म्हणून. कार्ड त्यांनी धुतलेल्या रुमालात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि वाटेत तीनदा काढून पाहिलं.

"हाई कागद दखाडं म्हंजे देतीन ना त्या तिले?"

मी म्हणालो, "देतीन."

एवढा खोटा शब्द मी कवितेतही लिहिला नव्हता.

स्टेशनात तिकिटाच्या खिडकीशी दहा-बारा माणसं होती. आमची पाळी आली तेव्हा आबांनी खिडकीत तोंड घालून सांगितलं, "आम्ही जासूत दोन, येसूत तीन. तसं तिकीट द्या." आतल्या बाबूला काही कळेना. आबा त्याला समजावू लागले की त्या लोकांनी परतीचं तिकीट मागितलंय, तिकीट नाही म्हणून तिला अडकवून ठेवलंय. बाबू म्हणाला, "बाबा, जे माणूस इथे नाही त्याचं तिकीट मी कसं फाडू?" मागचे लोक हसायला लागले. एकाने म्हटलं, म्हातारा बायको विकत घ्यायला निघालाय. आबा मागे वळून त्यांच्याकडे बघून स्वतःही थोडे हसले, चारचौघांत माणूस हसतो तसे. ते हसू मला सोसलं नाही.

मी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला नेलं. पाण्याच्या टाकीजवळ एक बाक होता, तिथे बसवलं.

"आबा, मुंबईमा माय नही शे."

"मंग कोन शे?"

"कविता शे."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मग आवाज एकदम खाली आणून, इकडे-तिकडे पाहून त्यांनी विचारलं, "कोन्ही आंडेर शे ती?"

आंडेर म्हणजे मुलगी. मी मुंबईत कोणाची तरी लेक नेऊन ठेवलीय आणि आता तिला ठेवायला जागा नाही, असा त्यांनी अर्थ काढला. पत्रही नव्या अर्थाने त्यांना नीट लागत असावं, कारण त्यांचा चेहरा उतरत चालला.

"बाई नही, आबा. गानं. मी लिखेल गानं शे. त्यानं नाव 'माय' ठेयेल व्हतं. ते त्यासले नको शे."

त्यांना समजायला वेळ लागला. रुमाल उलगडून त्यांनी कार्ड एकदा पाहिलं, जणू आता तरी ते त्यांना वाचता येणार होतं. ते रागावतील, हात उचलतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी कार्ड पुन्हा गुंडाळलं. मग सरळ विचारलं:

"मंग तुन्ही माय कोठे शे?"

आम्ही दोघं त्या बाकावर बसून राहिलो, मध्ये मायचं लुगडं. जळगावकडून येणारी गाडी यायला तासभर अवकाश होता. आता आबांनाही मुंबईला जायचं कारण उरलं नव्हतं आणि घरी जायचा धीर नव्हता. मला फार भीती वाटत होती. कवितेत मी 'शून्य सदन' लिहिलं होतं, 'दाटला काळोख' लिहिलं होतं. बाकावर त्यातलं एकही अक्षर कामाला आलं नाही. डोक्यात येत होतं ते भलतंच. तिची मिसरीची डबी चुलीशेजारच्या कोनाड्यात तशीच आहे. लाल मिरच्या अंगणात पसरलेल्या आहेत, त्या कोण उलथवत असेल. भिंतीवरचा 'ना' तिने जाताना पुसला नव्हता. मी मनातल्या मनात देवाला सांगितलं, तिला गाडीतून उतरू दे, मी पुन्हा कविता करणार नाही. देवाने माझी कविता वाचली असेल तर त्याला हा सौदा परवडण्यासारखाच होता.

गाडी आली. डब्याडब्यांतून माणसं उतरली, बोचकी उतरली. मग शेवटून दुसऱ्या डब्यातून आधी आवाज आला. कोणाला तरी ती झापत होती, की गडू आडवा धरू नको, गंगा सांडेल.

आबा उभे राहिले आणि परत बसले. मी धावलो. मायने मला पाहिलं, आबांना पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुम्ही दोन्ही आठे कसाले?"

आबा तोवर येऊन पोचले होते. म्हणाले, "तुले लेवाले उनूत." न्यायला आलो, एवढंच सांगून हातातलं लुगडं त्यांनी पाठीमागे लपवलं.

मला रडू आलं, आणि हे रडू लिहिताना आलं होतं तसं नव्हतं. त्यात आनंद घ्यायला सवडच नव्हती. नाक वाहत होतं, हुंदका मधेच अडकत होता, आणि बायका विचारत होत्या, पोराला काय झालं. कोणाच्या कवितेत बसलं नसतं इतकं ते बेंगरूळ होतं. आयुष्यात इतकं हलकं मला पुन्हा क्वचितच वाटलं असेल.

उशीर का झाला ते बैलगाडीत बसल्यावर कळलं. जळगाव सोडल्यापासून माय खिडकीला नाक लावून पाट्या बघत होती. एका स्टेशनवर पाटीवर पहिलंच अक्षर दिसलं, जसं भिंतीवर होतं तसं. तिने आरडाओरडा करून सगळ्यांना बोचक्यांसकट खाली उतरवलं. गाडी निघून गेली. ते नांदगाव होतं.

"तू सांगेल व्हतं, 'ना' दखाना का उतरी पडानं. मी बठ्ठासले उतारी लिधं. टिपकानं तू माले काहीच सांगं नही!"

टिंबाचं मी खरंच सांगितलं नव्हतं. नांदगावच्या धर्मशाळेत मंडळींचा एक दिवस गेला, पुढे नाशिकला एकीचे पाय सुजले म्हणून आणखी दोन. काकांनी अवतरणचिन्हं सोडली होती, मी टिंब सोडलं होतं. गावात वाचता येणारे म्हणून आम्ही दोघंच मिरवत होतो.

घराच्या वाटेवर माय मागे पेंगत असताना आबांनी मला हळूच सांगितलं, गावात काही बोलू नको. घरी पोचताच त्यांनी काकांना सांगून टाकलं की मुंबईच्या लोकांनी तिला आपणहून गाडीत बसवून दिलं, माणसं भली होती. त्यानंतर कितीतरी दिवस आळीतल्या बायका मायला विचारत, "मुंबई कशी शे वं?" ती शपथा घेऊन सांगे, मी पाहिली नाही. कोणी विश्वास ठेवीना. पत्र आलं होतं ना, सगळ्यांनी ऐकलं होतं! शेवटी ती वैतागली आणि विचारलं की सांगायला लागली, "तठे जागाच नही." इथपर्यंत तिचं वर्णन बरोबर होतं.

आबांनी मात्र गाण्याची गोष्ट मनात ठेवली होती. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "ते गानं तिन्हावर शे ना? वाची दखाड तिले." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. गाण्यात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मी टाळाटाळ केली, पण ते खाटेवर बसूनच राहिले. माय अंगणात मिरच्यांची देठं खुडत होती. मी वही काढली. नाव वाचलं नाही, 'माय' हा शब्द गाळला, आणि एकदम पहिल्या कडव्याला हात घातला.

ती देठं खुडत ऐकत होती. जननी कोण हे तिला मधेच विचारावं लागलं. मी सांगितलं, आई. चौथ्या कडव्याला तिचे हात थांबले. सहाव्याला ती रडत होती, आणि हात तिखटाचे म्हणून डोळे दंडाने पुसत होती. मी खाली मान घालून संपवलं आणि वाट पाहत राहिलो, आता ती विचारेल, मला का मारलंस.

"कोन्हा पोऱ्या शे रे हाऊ?" तिने विचारलं. "कव्हय मरनी त्यान्ही माय?"

तिने स्वतःला ओळखलंच नव्हतं. ओळखणार तरी कशी? त्या सहा कडव्यांत तिचं काय होतं? मी सुटलो, आणि सुटण्यासाठी पुन्हा एक थाप मारली.

"धुळाले मन्हासंगे व्हता, तो."

"बिचारं. आते त्याले भाकर कोन देत व्हई?" ती पुन्हा देठं खुडू लागली. "आखाजीले घर लई ये त्याले. माय नही तं काय, मी शे ना."

आबांना मात्र सगळं कळलं होतं. ते उठून गोठ्याकडे गेले. मी मागून गेलो तेव्हा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गानं चांगलं शे. पन ते फाडी टाक." आमच्याकडे मयताची खबर घेऊन आलेलं पत्र वाचून झालं की फाडतात, घरात ठेवत नाहीत. मी वहीतली ती पानं तिथेच फाडली. मुंबईची प्रत महिन्याभराने रद्दीत गेली असेल. कविता छापली नाही म्हणून देवाचे आभार मानणारा त्या मासिकाचा मी एकटाच ग्राहक असेन.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण वैशाखात. आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणपोळी, जिला आमच्याकडे मांडे म्हणतात. मायने विचारलं, तो पोऱ्या आला नाही का? मी म्हटलं, लांब असतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गावी निघालो तर तिने फडक्यात एक मांडा बांधून दिला. त्याला दे, म्हणाली. मी निम्म्या वाटेवरच्या नाल्याकाठी झाडाखाली बसलो आणि तो खाल्ला. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षीही. माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, मी गोष्टी लिहायला लागलो, त्या छापून यायला लागल्या, आबा गेले. आखाजीला घरी गेलो की निघताना त्या पोराचा मांडा ठरलेला. मीही तो इमानाने नाल्याकाठी बसून खायचो. कधी तिथे बसल्यावर दोन ओळी सुचत. मी बोटं पुसून उठायचो.

मग एका आखाजीला मला राहवलं नाही. मायचे केस तोवर पांढरे झाले होते, आवाज मात्र तसाच. ती फडकं पसरून मांड्याची घडी घालत होती, आणि त्या मुलाचं लग्न तरी झालं का, असं मला विचारत होती. तिला त्याची एवढी काळजी लागून राहिलेली पाहून मला स्वतःची लाज वाटली.

"माय," मी म्हटलं, "तो पोऱ्या कोन्ही नही. तो मीच शे. ते गानं मीच लिखेल व्हतं."

तिने घडी तशीच हातात धरली. "मंग ती मरनी ती कोन?"

"तूच. कोन्ही मरेल नही. मी उगाच लिखी टाकं."

मी मान खाली घातली. बोलणी खायची माझी तयारी होती, आणि ती बसायलाच हवी होती. पण माय एकदम माझ्याजवळ सरकली, माझा गुडघा धरून हलवला.

"म्हंजे त्यान्ही माय जित्ती शे?"

"जित्ती शे."

"बरं झायं रे," ती म्हणाली, आणि तिने मोठा श्वास सोडला. "इतला वरीस मन्हा जीव टांगेल व्हता."

मग तिने फडकं उलगडलं, मांडा माझ्या ताटात टाकला आणि त्यावर रस वाढला.